आडवी बाटली, उभी बाटली : उपनगरवासी नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

तुमच्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट पार पडलं आहे. तळमजल्यावर, रस्त्याच्या तोंडाला, पाच गाळे निघाले आहेत. पहिल्यात केमिस्ट आला, दुसऱ्यात डेअरी, तिसऱ्यात इस्टेट एजंट. चौथ्याचं शटर महिनाभर अर्धं खाली आहे, आत सुतारकाम चालू आहे, भिंतभर फळ्या ठोकल्या जात आहेत आणि कोणी विचारलं की सुतार 'मालूम नहीं साब' म्हणतो. अभिनंदन. या अभ्यासक्रमाला तुम्ही पात्र ठरलात.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही राहत असा, नियम तेच. फरक एवढाच की घाटकोपर पूर्वेला सभा संध्याकाळच्या जेवणाआधी उरकतात, मुलुंडला त्या कार्यकारिणीच्या इतिवृत्तावरून अडतात, आणि अंधेरीच्या लोखंडवाला भागात निम्मे सभासद ऑनलाइन हजर राहून स्वतःला म्यूट करून ठेवतात.

लागणारं साहित्य

पन्नास मीटरची टेप (तीस मीटरची घेऊ नका, कारण पुढे कळेल), मतदारयादी, कोरे कागद, एक शांत डोक्याची व्यक्ती. ही शेवटची वस्तू सोसायटीत मिळाली नाही तर शेजारच्या सोसायटीतून उसनी आणावी. 'आपली संस्कृती' हा शब्द घरीच ठेवून यावं. त्याचा कुठल्याही अर्जात रकाना नाही, आणि समोरचा लगेच सोमरसावर येतो. तिथून परत यायला पाऊण तास लागतो.

कायदा काय म्हणतो, हे एकदा बसून वाचा

नवशिक्याला पहिला धक्का इथेच बसतो. तुम्ही दारूबंदी असलेल्या राज्यात राहता. महाराष्ट्रात दारूच्या दुकानाला परवाना मिळतो तो १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली. म्हणजे दारू बंद आहे, हे मूळ. ती विकायची, न्यायची, प्यायची मुभा, हे सगळे अपवाद. मोरारजी देसाईंच्या काळातली ती बंदी पुढे सैल होत गेली, पण कायद्याचं नाव आणि चौकट राहिली. म्हणूनच पिणाऱ्यालाही परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांत, देशीसाठी दोन रुपयांत, वर्षाचा शंभरात आणि आजन्म परवाना हजार रुपयांत. बिअर-वाईनसाठी वय २१, त्यावरच्या मालासाठी २५. म्हणजे २१व्या वर्षी लग्न करता येतं, पण स्वतःच्या रिसेप्शनला व्हिस्की प्यायला आणखी चार वर्षं थांबावं लागतं. 'परमिट रूम' ही पाटी रोज वाचणाऱ्या कितीजणांच्या खिशात परमिट आहे, हा प्रश्न सभेत विचारू नका. खजिनदार उठून जातात.

दुसरा धक्का: चौथ्या गाळ्यात 'नवीन' दुकान येत असेलच असं नाही. आपण ज्याला वाईन शॉप म्हणतो, म्हणजे विदेशी मद्याची बाटलीबंद विक्री करणारं दुकान, त्याचे परवाने सत्तरच्या दशकापासून राज्यात नव्याने दिले जात नाहीत. राज्यभरात असे सतराशेच्या आसपास परवाने आहेत, आणि ते विकत, हस्तांतरित होत, एका भागातून दुसऱ्या भागात सरकत राहतात. जिथे गिऱ्हाईक आटलं तिथून उठायचं आणि जिथे टॉवर उभे राहिले तिथे यायचं. २०२५च्या पावसाळ्यात ३२८ नव्या परवान्यांची चर्चा निघाली तर केवढा गदारोळ झाला! तेव्हा चौथ्या गाळ्यातलं दुकान हे बहुधा नव्याने जन्मलेलं नसून बदलीवर आलेलं असतं. त्यामुळे 'नवा परवाना देऊ नका' असा अर्ज केलात तर उत्तर येईल की नवा परवाना दिलेलाच नाही. आणि ते खरंही असेल. अर्जात 'स्थलांतर' हा शब्द लिहा. या एका शब्दाने तुम्ही नवशिके आहात हे लपतं.

घड्याळ

ऑक्टोबर २०२५च्या सुरुवातीला सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला असेल: आता दुकानं चोवीस तास, म्हणजे दारूही चोवीस तास, पाहा काय दिवस आले. खाली तीन रडके चेहरे आणि एक नाचणारा. तो नाचणारा कोणी टाकला हे शोधत बसू नका. सरकारने दुकानं आणि आस्थापनांना चोवीस तास उघडं राहायची मुभा दिली हे खरं. मद्यविक्रीच्या जागा त्यातून वगळल्या, हेही त्याच आदेशात होतं. २०२० साली 'नाइट लाइफ'चा वाद झाला तेव्हाही असंच. जानेवारीत मंत्रिमंडळाने मॉल, खाण्याच्या जागा रात्रभर उघड्या ठेवायला मान्यता दिली आणि दारूची रात्री दीडची मर्यादा होती तिथेच ठेवली. पण उपनगरात चर्चा मात्र पहाटे चारच्या पेल्यांचीच झाली.

तर तक्ता असा पाठ करा. वाईन शॉप रात्री साडेदहाला बंद. परमिट रूम मुंबईत दीडला. नाताळ आणि ३१ डिसेंबरला खास सवलत: दुकानं एकपर्यंत, परमिट रूम पहाटे पाचपर्यंत. त्यामुळे तुमच्या खिडकीखाली पावणेबाराला जे चाललं आहे ते दुकानाच्या वेळेचं नाही. दुकान केव्हाच बंद झालं. ते चाललं आहे साडेदहाला घेतलेल्या बाटलीचं, पानटपरीवरच्या प्लास्टिकच्या ग्लासांचं, चकण्याच्या गाडीचं आणि तुमच्याच कंपाउंडच्या कट्ट्याचं, ज्यावर ग्रॅनाइट बसवायचा ठराव गेल्या वर्षी तुम्हीच एकमताने मंजूर केला. माझं मत विचाराल तर, उपनगरातली निम्मी भांडणं परवान्याची नसून त्या कट्ट्याची आहेत. पण कट्टा काढायचा ठराव मांडून पाहा. मॉर्निंग वॉकवाले आजोबा दारूवाल्यांपेक्षा मोठ्याने विरोध करतील.

मध्यंतर: कपाटाचा धडा

हा धडा परीक्षेला हमखास येतो. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की शंभर चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकता येईल. उघड्यावर नाही, २.२५ घनमीटरच्या कुलूपबंद कपाटात, वर्षाला पाच हजार रुपये फी भरून. हेतू सांगितला गेला तो द्राक्षबागाईतदारांचा. पुढचं तुम्हाला आठवत असेल. विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीसांनी 'मद्यराष्ट्र' असा शब्द काढला, संजय राऊतांनी वाईन म्हणजे दारू नव्हे असं सांगितलं, अण्णा हजारेंनी राळेगणसिद्धीतून उपोषणाची तारीख दिली आणि मग ते स्थगित केलं. सरकारने नियमांचा मसुदा काढून हरकती-सूचना मागवल्या. हरकती जमा होईपर्यंत जून संपला आणि जूनबरोबर सरकारही गेलं.

गंमत अशी की त्याच जानेवारीत, दोनच आठवडे आधी, मराठी पाट्यांच्या निर्णयात आणखी एक कलम आलं होतं: दारूच्या दुकानांना महापुरुषांची, थोर स्त्रियांची किंवा गडकिल्ल्यांची नावं द्यायची नाहीत. म्हणजे महिन्याच्या मध्यावर दुकानाच्या पाटीवरून किल्ला उतरला आणि महिनाअखेरीस किराणाच्या रॅकवर बाटली चढली. नवशिक्याने यातून राजकारणाचा बोध घेऊ नये. घ्यायचा तो हिशोबाचा: तुमच्या कोपऱ्यावरचं दुकान शंभर चौरस मीटरचं आहे का? नाही. तुमचा किराणावाला गोण्या फूटपाथवर ठेवतो म्हणून तो तेवढा दिसतो. चार महिने ग्रुपवर झालेली चर्चा त्या दुकानाला लागूच नव्हती.

टेप कशी धरावी

शाळा आणि देवस्थानापासून पंचाहत्तर मीटर, हे सगळ्यांना माहीत असतं. कसं मोजायचं, हे कोणालाच माहीत नसतं. कावळा उडतो तसं सरळ मोजायचं नाही. दुकानाच्या दाराच्या मध्यापासून, माणूस ज्या जवळच्या वाटेने चालत जाईल त्या वाटेने, शाळेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत. म्हणजे टेप गटाराच्या कडेने जाते, उभ्या केलेल्या रिक्षांना वळसा घालते आणि रस्ता ओलांडताना दोन माणसं दोन्ही टोकं धरून बेस्टच्या बसला हात दाखवतात. पंचाहत्तर मीटरसाठी पन्नासची टेप दीड वेळा लावावी लागते आणि दोन्ही वेळा मधला खूण करणारा हलतो. म्हणून मघाशी सांगितलं, तीस मीटरची घेऊ नका.

आता शाळा म्हणजे काय? कायद्याच्या व्याख्येत पूर्वप्राथमिकपासून कॉलेजपर्यंत मान्यताप्राप्त संस्था येतात. खासगी कोचिंग क्लास येत नाहीत. उपनगरात हा घाव वर्मी बसतो. इथे ज्या इमारतीत सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत मुलं खरोखर शिकतात ती शाळा नसते, आणि जी शाळा असते तिथून ती क्लासला निघायची घाई करत असतात. देवस्थानाचंही तसंच. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं हवं. फूटपाथवरचं, दोन पिंपळांमधलं, गुरुवारी रांग लागणारं देऊळ भाविकांसाठी कितीही जागृत असलं तरी टेपसाठी ते झोपलेलं असतं. विश्वस्तांकडे नोंदणीचा क्रमांक मागायला गेलात तर ते अचानक गंभीर होतात. हा विषय तिथेच सोडावा.

मोजमापाचा आत्मा समजून घ्यायचा असेल तर केरळकडे पाहा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६मध्ये महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारू नको असा आदेश दिला आणि तो एप्रिल २०१७पासून लागू झाला. इकडे महाराष्ट्रात रस्त्यांचे दर्जे बदलता येतील का याची खटपट सुरू झाली. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या उत्तर परवूरच्या एका बारने मात्र काहीच हलवलं नाही. त्याने दारापुढच्या मोकळ्या जागेत भिंतींचा चक्रव्यूह बांधला. गिऱ्हाईक गोल गोल फिरत आत पोहोचेपर्यंत चालायचं अंतर पाचशेच्या पुढे गेलं. आत शिरायची वाट अभिमन्यूला माहीत होती. बाहेर पडतानाचं काय, हे त्या बारमधल्यांनाच ठाऊक. पुढे जुलैमध्ये न्यायालयाने शहरी हद्दीतल्या दुकानांना मोकळीक दिली आणि आपल्याकडची धावपळ थांबली. पण टेप ही फक्त तुमच्याच हातात नसते, हे त्या भिंतींनी शिकवलं.

सह्या, आणि बाटली आडवी करण्याची शास्त्रोक्त पद्धत

चालू दुकान बंद करायचं असेल तर राज्यात मतदानाची सोय आहे. २००८च्या आदेशाने ती गावांना मिळाली, नंतर शहरांतल्या प्रभागांनाही. पंचवीस टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी करायची, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं: आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू. निवडणूक चिन्हांत याहून स्वच्छ जाहीरनामा मी पाहिलेला नाही.

ही पद्धत गावासाठी शिवलेला अंगरखा आहे आणि तो मुंबईच्या अंगावर चढवला आहे. गावात पंचवीस टक्के बाया म्हणजे दोन-तीनशे. त्या एकमेकींना ओळखतात, कोणाच्या घरात काय चाललंय हे त्यांना माहीत असतं आणि त्या ग्रामसभेत येऊन बसतात. मुंबईतल्या प्रभागात मतदार काही दहा हजारांच्या हिशोबात. सह्या काही हजार लागतात. बेल वाजवली की आयहोलमधून पाहून दार उघडत नाहीत. उघडलं तर 'मिस्टर घरी नाहीत'. आणि बंद करायला नुसतं मतदान करणाऱ्यांचं बहुमत पुरत नाही. यादीतल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांची मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी बाई त्या दिवशी विरारच्या लोकलमध्ये उभी होती, जिचं नाव अजून माहेरच्या वॉर्डात आहे, जी दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीला गेली, त्या सगळ्यांचं मत आपोआप उभ्या बाटलीत जमा होतं. दुकानदाराला प्रचार करावा लागत नाही. त्याचा प्रचार मतदारयादी करते.

लोकप्रतिनिधीकडे जायचं तर मार्च २०२२पासून जवळजवळ चार वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते. होते ते सगळे माजी आणि भावी, आणि त्यांचे फ्लेक्स. दोघेही निवेदन प्रेमाने घेत, फोटो काढत आणि दहीहंडीला वर्गणी मागत.

सभा

मार्च २०२५मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवारांनी विधानसभेत जाहीर केलं की गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवं बिअर शॉप किंवा दारूचं दुकान काढायचं तर संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. त्या क्षणी तुमचे सेक्रेटरी, जे आजवर फक्त गळतीचे अर्ज फेटाळत होते, ते उत्पादन शुल्क खात्याचा एक घटक बनले. तेव्हा विशेष सर्वसाधारण सभा कशी चालते हे शिकणं भाग आहे.

वेळ रविवार सकाळी साडेदहा. गणपूर्ती होत नाही. अर्ध्या तासाने तीच सभा त्याच जागी पुन्हा भरते आणि आता ती वैध असते.

पहिले बोलतात ते तिसऱ्या मजल्यावरचे काका. ते दारूबंदी, विनोबा, शिवाम्बू आणि आपल्या नोकरीतला एक प्रसंग या क्रमाने जातात. त्यांना अडवू नका. दुसरे उठतात ते तरुण रहिवासी, ज्यांचं म्हणणं 'हा चॉइसचा प्रश्न आहे'. ते भाडेकरू आहेत आणि त्यांना मत नाही, हे लक्षात आणून दिलं की दहा मिनिटं भाडेकरूंवर जातात. मग गाळ्याचे मालक. हे गृहस्थ इतके मऊ बोलतात की घसरायला होतं: दुकान 'प्रीमियम' असेल, गर्दी होणार नाही, एसी असेल, आणि सोसायटीला लिफ्टसाठी काही योगदान देण्याचा विचार आहे. लिफ्ट हा शब्द उच्चारल्याबरोबर पाचव्या-सहाव्या मजल्यावरच्यांचा तात्त्विक विरोध मवाळ होतो. नवशिक्याने इथे घड्याळ लावून पाहावं.

मधेच कोणीतरी म्हणतं, 'पिणारे आपल्या सोसायटीत कोणीच नाहीत.' त्यावर एक विशिष्ट शांतता पसरते. पूर्वी काळ्या पिशवीवरून ओळख पटायची. २०१८च्या प्लास्टिकबंदीनंतर बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून येऊ लागली आणि पुरवणीच्या पानावरून वाचक कळायचा बंद झाला. मे २०२० तर कोणीच विसरलेलं नाही. दुकानं उघडल्यावर दोन दिवस मुंबईत ज्या रांगा लागल्या, त्या पाहून पालिकेने पुन्हा बंद केली. मग घरपोच विक्री आली. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये त्या काळात 'पार्सल' या एका शब्दाखाली सगळ्या मजल्यांची समान नोंद आहे. ते रजिस्टर मागायचं नाही, हा सभेचा अलिखित नियम आहे. दोन्ही बाजू तो पाळतात.

कामाचं बोलणं शेवटी होतं, चहाच्या कपबश्या गोळा करताना. रात्री अकराला स्टेशनवरून चालत येणारी मुलगी म्हणते, 'दुकानाचं मला काही नाही. समोरचा दिवा महिनाभर बंद आहे आणि ते लोक फूटपाथवर उभे राहतात, म्हणून मला रस्त्यावरून चालावं लागतं.' हे वाक्य इतिवृत्तात जात नाही, कारण सेक्रेटरींनी पेन खिशाला लावलेलं असतं. मार्गदर्शक म्हणून माझी एकच जबरदस्ती आहे: पेन काढायला लावा. ती मुलगी सांगते त्यातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त करता येण्यासारखी आहे. दिव्यासाठी वीज कंपनी आणि पालिका, उघड्यावर पिण्यासाठी पोलीस चौकी, ग्लासांसाठी टपरीवाला. काकांच्या भाषणातली एकही नाही.

जो धडा कोणी घेत नाही

तुमच्या बिल्डिंगच्या मागे, नाल्यापलीकडच्या वस्तीत, देशी दारूचं दुकान आहे. ते कधी आलं कोणाला आठवत नाही, त्याच्यावर कधी सभा झाली नाही. तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी तिथूनच येतात. त्यांच्या गल्लीला सोसायटी नाही, म्हणून ना हरकत विचारायला कोणी येत नाही. आणि परवान्याचं दुकानही जिथे महाग पडतं तिथे काय होतं ते उपनगरांनी पाहिलं आहे. डिसेंबर २००४मध्ये विक्रोळीत, जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत. मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. त्या वेळी आपल्या ग्रुपवर दोन दिवस हात जोडलेली चित्रं आली आणि मग पाण्याच्या टँकरचा विषय निघाला.

पंचवीस टक्के सह्यांची अट त्या वस्तीत एका आठवड्यात पुरी होईल, असं मला वाटतं. बेल नाही, आयहोल नाही, आणि मिस्टर कुठे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. मावशींना विचारून पाहा. पण विचारलंत तर त्यांच्या दुकानासाठीही टेप धरावी लागेल, याची तयारी ठेवा.

अर्ज कुठे द्यायचा

जिल्हाधिकारी, मुंबई उपनगर. कार्यालय वांद्रे पूर्वेला. हा जिल्हा १९९०मध्ये वेगळा झाला, तेव्हा फोर्टला जाऊ नका. एक प्रत राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षकांना. अर्जात दुकानाचा पत्ता, परवान्याचा प्रकार, स्थलांतर की हस्तांतरण, मोजलेलं अंतर, फाटकाचा फोटो आणि संस्थेच्या ठरावाची खरी प्रत जोडा. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या, पोचेवर तारीख नीट उमटली आहे का ते तिथेच पाहा. शिक्क्याची शाई हमखास संपलेली असते. स्वतःचं पॅड नेलंत तर शिपाई तुम्हाला जुना माणूस समजून खुर्ची देतो.

आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. त्या दिवसांत खात्यातले सगळे एक दिवसाचे परवाने देण्यात गुंतलेले असतात.